डाव्या बाजूचं रबर

शोभाबाईंचा सहसा कुणावर विश्वास बसत नसे आणि त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नाही. भाजीवाल्याच्या काट्याखाली त्या आधी हात फिरवून बघायच्या, मग भेंडी निवडायच्या. गिरणीत दळण टाकलं की पीठ डब्यात पडेपर्यंत तिथून हलायच्या नाहीत. देवळात गेल्या तर एक चप्पल या खांबाशी काढायच्या आणि दुसरी त्या खांबाशी. "एकटी चप्पल कोण चोरणार?" एवढंच म्हणायच्या, आणि आत जाऊन डोळे मिटून हात जोडायच्या. देवाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. देवाने घडवलेल्या माणसांबद्दल मात्र त्यांना शंका होत्या.

हे सगळं काही त्या अमळनेरकडच्या माहेरून घेऊन आल्या नव्हत्या. लग्न होऊन सुरतेत नवागामच्या एका खोलीत आल्या तेव्हा त्या कुणाच्याही बोलण्याला मान डोलवायच्या. लोटू, म्हणजे त्यांचे यजमान, लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात पाळीवर जायचे आणि शोभाबाई घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायच्या. एकदा ठेकेदार म्हणाला, तुमच्या गठ्ठ्यात साड्या कमी आल्या. शोभाबाईंनी शपथा घेतल्या, रडल्या, उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी लाल नेलपॉलिशची बाटली आणली आणि प्रत्येक साडीच्या आतल्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही असा एक ठिपका लावला. पुन्हा ठेकेदार तेच म्हणाला, तेव्हा शोभाबाईंनी त्याच्याच दुकानातल्या फळीवरून ठिपक्यांच्या साड्या बाहेर काढून दाखवल्या. त्या दिवसापासून बाटली घरात कायमची आली. सिलिंडर, कुकरचं झाकण, छत्री, स्टीलची पातेली, सगळ्यावर लाल ठिपका. नखांना मात्र त्यांनी ते कधी लावलं नाही.

पुढे लोटूंचे कान मंद झाले. लूमच्या खडखडाटात जन्म घालवलेल्या माणसाचं तेच होतं. त्यांनी कारखाना सोडला आणि दोघांची शिल्लक घालून एक जुनी पिकअप गाडी घेतली. कारखान्यातून कोऱ्या कापडाचे ताके उचलायचे आणि पांडेसराच्या डाइंग मिलमध्ये टाकायचे, असा धंदा. गाडी दारात आली त्या दिवशी शोभाबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, आणि मग बाटली घेऊन बॅटरी, स्टेपनी, जॅक, दोन्ही आरसे, असं सगळ्यावर ठिपके लावत फिरल्या. लोटू बाजूला उभे राहून म्हणाले होते, "मलापण एक लाव."

"तुम्हाला कोण नेणार?" शोभाबाई म्हणाल्या.

गाडीने बरीच वर्षं चांगलं पोसलं. मग लोटूंच्या मणक्याने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवणं बंद. तेव्हा लोटूंच्या मोठ्या भावाचा मुलगा गजेंद्र हजीऱ्याला एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता. काकांनी बोलावलं म्हणून तो ती नोकरी सोडून आला. बायको वैशालीला घेऊन त्याच गल्लीत, चार घरं सोडून राहायला लागला. आणि गजेंद्र गाडीवर बसला त्याच दिवशी शोभाबाई शेजारच्या सीटवर बसल्या. ताके मोजायला, असं त्यांनी सांगितलं. कशासाठी ते गजेंद्रलाही कळलं होतं. त्याने फक्त सीटवर एक जुनी गादी आणून टाकली.

पण गाडी थरथरत होती.

उभ्या गाडीत गिअरचा दांडा असा नाचायचा की शोभाबाईंना बघून चक्कर यायची. क्लच सोडला की खालून धप्पकन आवाज. चढावर चौथा गिअर आपोआप सुटायचा. आरशात मागचा रस्ता दिसायचाच नाही, नुसतं काहीतरी भुरभुरताना दिसायचं.

"फाउंडेशन गेलंय काकू," एके दिवशी उधन्याच्या सिग्नलला गजेंद्र म्हणाला. "भगवानभाईंना दाखवून घेऊ."

"फाउंडेशन घराचं असतं."

"इंजिनाचंपण असतं. इंजिन रबरावर बसवलेलं असतं ना, त्याला गॅरेजवाले फाउंडेशन म्हणतात. दोन इंजिनाखाली, डावं आणि उजवं, आणि एक मागे गिअरबॉक्सखाली. रबर फाटलं की लोखंडावर लोखंड आपटतं."

"तुझ्या काकांच्या हातात होती तेव्हा नव्हती अशी नाचत."

"तेव्हा तुम्ही कुठे बसायच्या गाडीत?"

शोभाबाईंना हा प्रश्न आवडला नाही. त्यांनी पदर सावरला आणि बाहेर बघायला लागल्या. पण डोक्यात एक गोष्ट येऊन बसली होती. तीनेक वर्षांपूर्वी लोटू एक दिवस ग्रीसने माखलेला शर्ट घेऊन घरी आले होते आणि ओरडून म्हणाले होते (ते सगळंच ओरडून म्हणायचे), "डाव्या बाजूचं रबर गेलं होतं. नवीन टाकलं." त्या दिवशी शोभाबाईंनी गाडीला उदबत्ती ओवाळली होती. म्हणजे डावं रबर नवीन होतं. मग ते इतक्यात जाईल कसं?

शेजारच्या चंचलने या शंकेला खतपाणी घातलं. तिचा नवरा ट्रान्सपोर्टमध्ये होता. धुण्याचा पिळा झटकत ती म्हणाली, "ड्रायव्हर लोकांचं हेच असतं शोभाताई. नवा पार्ट काढायचा, विकायचा, भंगारातला बसवायचा. वरून म्हणायचं गाडी खराब झाली."

"तो आमच्या घरातला आहे," शोभाबाई म्हणाल्या.

"घरातल्याला किल्ली मागायला लागत नाही, एवढाच फरक."

चंचल आत निघून गेली. शोभाबाई तिथेच उभ्या राहिल्या. इंजिनाखाली वाकून ठिपका लावायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. सगळ्या गाडीवर खुणा केल्या आणि जिथे चोरी झाली तीच जागा राहून गेली, असं त्यांना वाटलं. पुढच्या सगळ्या गोष्टी आपोआप जुळत गेल्या. गजेंद्र परवा अर्धा तास उशिरा का आला? फोन आला की गाडीतून उतरून लांब जाऊन का बोलतो? त्याच्या पायात नवे बूट कुठून आले?

रात्रीच्या जेवणाला त्यांनी विषय काढला. "गजू म्हणतो गाडी गॅरेजला टाकायची. फाउंडेशन बदलायचं."

लोटूंनी भाकरी मोडली. "एवढी काय घाई? कानबाईचा सण होऊन जाऊ दे."

"गाडी नाचते आहे."

"जुनी गाडी नाचणारच."

"तुम्ही डावं नवीन टाकलं होतं ना?"

लोटूंनी कानामागे हात नेला. "काय?"

"डावं. रबर."

"हां, टाकलं होतं," ते म्हणाले आणि वरणाचं विचारलं.

शोभाबाईंनी मनात नोंद करून ठेवली. हे पुतण्याला पाठीशी घालताहेत.

त्यांनी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी गाडीतच गजेंद्रला सांगितलं. आवाज चढवला नाही. "शनिवारी गॅरेजला जाऊ. तिन्ही रबरं माझ्यासमोर निघतील. डाव्या बाजूला तुझ्या काकांनी नवीन टाकलंय. नवीन निघालं तर माझं काही म्हणणं नाही. कुठलं भंगारातलं निघालं, तर तू किल्ली खाली ठेवायची."

गजेंद्रने गिअर बदलला. हजीऱ्याच्या नोकरीवर आता दुसरा माणूस लागला होता, हे दोघांनाही माहीत होतं.

"बरं," तो म्हणाला. "पण डावं मी बघितलेलंसुद्धा नाही काकू. तिकडे हात जात नाही."

"हात ज्याला घालायचा तो घालतो," शोभाबाई म्हणाल्या.

शनिवार उजाडला. नागपंचमी होऊन गेली होती आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, खानदेशची देवी कानबाई घरोघरी बसायची होती. खानदेशातली माणसं सुरतेत कितीही वर्षं राहिली तरी श्रावणातला हा रविवार सोडत नाहीत. नवागाम-डिंडोलीच्या गल्ल्यांत घरोघरी रंग दिलेला होता, पडदे धुतलेले होते. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटासाठी गहू घ्यायचे ते शोभाबाईंकडे, कारण त्यांच्या सुरतेतल्या भाऊबंदकीत आता त्याच थोरल्या होत्या. त्यांच्या घराण्याची रीत अशी होती की घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात घ्यायचे. गावाकडचे दीर, त्यांचे मुलगे, कालपरवा जन्मलेलं बाळसुद्धा. ज्याच्या नावाची मूठ सुपात पडली तो घरातला. तो रोट फक्त त्यांनीच खायचा, भाऊबंदकीबाहेर त्याचा तुकडाही द्यायचा नाही. हे गहू गिरणीत टाकत नसत. त्यासाठी वर्षातून एकदा माळ्यावरचं जातं खाली यायचं.

सकाळी आंघोळ करून, ओल्या केसांनी शोभाबाई सुपापुढे बसल्या. वैशाली निवडायला आली होती. शोभाबाई नाव घेत होत्या आणि मूठ टाकत होत्या. लोटूंची टाकली. थोरल्या दिरांची, म्हणजे गजेंद्रच्या वडिलांची टाकली. मग गजेंद्रचं नाव यायला हवं होतं.

शोभाबाईंचा हात गव्हाच्या डब्यात होता. तो तिथेच राहिला. देवीच्या सुपात खोटी मूठ कशी टाकायची? ज्याच्याबद्दल मन साफ नाही, त्याच्या नावाने टाकायची आणि वर हात जोडायचे? त्यांनी हात मोकळाच बाहेर काढला.

"गजूची संध्याकाळी बघू," त्या म्हणाल्या.

वैशालीच्या हातातला खडा हातातच राहिला. ती सुपाकडे बघत होती. "संध्याकाळी म्हणजे?"

"म्हणजे दळायच्या आधी. गॅरेजहून येते आधी."

"बरं काकू," वैशाली म्हणाली. उरलेले गहू तिने निवडून संपवले, सुपावर कपडा झाकला, आणि चहा न घेता निघून गेली. दरवर्षी जात्यावर तिचाच हात असायचा. संध्याकाळी किती वाजता येऊ, हे तिने या वेळी विचारलं नाही.

भगवानभाईंचं गॅरेज डिंडोलीच्या रस्त्याला, एका टायरवाल्याच्या शेजारी होतं. ते गुजराती, पण गिऱ्हाईक सगळं खानदेशी, त्यामुळे मराठी त्यांना सगळी कळायची. बोलायचे मात्र आपल्याच भाषेत. शोभाबाईंना पाहताच त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "बेसो ने माशी." मावशीला ते माशीच म्हणायचे.

"मी उभी राहते," शोभाबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून नवीन रबरांची खोकी काढली. ती त्यांनी स्वतः दुकानात जाऊन आणली होती. प्रत्येक खोकं सगळ्यांसमोर उघडलं, लोखंडी पट्ट्यांमधलं काळं कुळकुळीत रबर बाहेर काढलं, आणि पिशवीतून बाटली काढून तिन्हींवर एकेक लाल ठिपका लावला.

भगवानभाई बघतच राहिले. "आ शुं? चांल्लो कर्यो?"

"हो, कुंकू समजा," शोभाबाई म्हणाल्या. "वाळू द्या. मग हात लावा."

भगवानभाईंनी बॅटरीची वायर सोडली आणि मागून सुरुवात केली. गिअरबॉक्सखाली टेका दिला आणि आडव्या पट्टीवरचं रबर सोडवलं. ते तेल पिऊन पिऊन गुळासारखं मऊ झालं होतं, बोटाने दाबलं की खड्डा पडत होता. मग पुढे आले. जॅक इंजिनाखाली नेला आणि त्यावर एक जाड लाकडी फळी ठेवली.

"फळी कशाला?" शोभाबाई लगेच म्हणाल्या.

"सीधो जॅक मारुं तो चेंबर बेसी जाय, माशी." इंजिनाखालच्या तेलाच्या डब्यावर त्यांनी बोटाने टकटक केलं. "आ पातळुं पतरुं छे."

जॅक हळूहळू वर गेला. गजेंद्र पुढून वाकून पंख्याकडे लक्ष ठेवून होता, इंजिन जास्त उचललं तर पंखा रेडिएटरला लागतो म्हणून. "बस, बस, एवढंच," तो म्हणाला. शोभाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. चोराच्या तोंडावर काहीतरी दिसतंच, असा त्यांचा अनुभव होता. गजेंद्रच्या तोंडावर घाम होता आणि एक ग्रीसचा पट्टा होता. त्यावरून काही कळेना.

उजवं रबर निघालं ते दोन तुकड्यांत. वरची पट्टी वेगळी, खालची वेगळी, मधलं रबर चिरफळ्या झालेलं. मग भगवानभाई डाव्या बाजूला आले. तिकडे खरंच हात जात नव्हता. एक पाइप सोडवावा लागला. त्यांनी मान तिरकी करून आत पाहिलं, थांबले, पुन्हा पाहिलं.

"माशी, जोवुं ज छे तो बत्ती पकडो," ते म्हणाले आणि मोबाइलचा उजेड लावून फोन शोभाबाईंच्या हातात दिला.

शोभाबाई इंजिनावर वाकल्या. गरम तेलाचा वास नाकात शिरला. उजेडात आधी नुसतं काळं दिसलं, मग हळूहळू आकार लागला. तिथे दुकानातल्यासारखं लोखंडी पट्टीतलं रबर नव्हतं. एकावर एक रचलेले जाड रबराचे तुकडे होते, मधून आरपार बोल्ट घातलेला, आणि सगळ्या थप्पीला बाहेरून नायलॉनच्या दोरीचे वेढे.

"काढा," त्या म्हणाल्या. गजेंद्रकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. भंगारसुद्धा धड घातलं नाही मेल्याने, असं मनात आलं.

भगवानभाईंनी ती थप्पी बाहेर काढून फडक्याने पुसली आणि हसायला लागले. "आ तो लूम्सनुं रबर छे, माशी. बफर. आ गाडीनुं छे ज नही." त्यांनी ते गजेंद्रपुढे धरलं. "कोण कलाकार हतो?"

लूमवर धोटा फेकणारी काठी ज्याच्यावर येऊन आदळते, ते रबर. दिवसभर मार खातं. सुरतेत लूमवर काम केलेल्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही, आणि शोभाबाईंच्या घरात तर तसलेच दोन तुकडे कपाटाच्या पायाखाली होते. पण त्यांची नजर रबरावर नव्हती. त्या दोरीची गाठ बघत होत्या.

बारीक, चपटी, एका बाजूला झुकलेली गाठ. तुटलेला धागा लूम न थांबवता एका हाताने जोडायची गाठ. त्यांच्या घरात धुण्याची दोरी त्या गाठीने बांधलेली होती. डाळीच्या पोत्याचं तोंड त्या गाठीने बांधलेलं होतं. त्यांच्या मंगळसूत्राचा दोरा एकदा तुटला होता, तोही ताबडतोब त्याच गाठीने जोडून मिळाला होता. गजेंद्र जन्मात कधी लूमवर उभा राहिला नव्हता.

टायरवाल्याकडे हवेचा पंप सुरू होता.

"हे कडक झालंय एकदम," गजेंद्र थप्पी हातात घेऊन म्हणाला. नखाने टोकरून बघितलं, दगडासारखं होतं.

भगवानभाईंनी हात पुसत समजावलं, आणि या वेळी शोभाबाईंसाठी म्हणून मोडक्यातोडक्या मराठीत बोलले. "हे रबर दणका खाते, माशी. वजन नाय पेलत. दणका आला, खाल्ला, परत मोकळं. इंजिन तर चोवीस तास वरती बसून राहते. दबून दबून पत्थर झालं. मग सगळा मार बाजूवाल्यावर गेला, म्हणून ते फाटलं. एक खोटं बसलं की दुसरी दोन पण जातात."

गजेंद्रने खिशातून किल्ली काढली. त्याने ती शोभाबाईंसमोर तळहातावर धरली.

"काकू, नवीनपण नाही निघालं आणि भंगारातलंपण नाही. किल्लीचं काय करू?"

त्याच्या बोलण्यात टोमणा होता आणि तो त्याने लपवला नाही. शोभाबाईंनी मोबाइलचा उजेड तसाच धरला होता, त्याचा झोत आता जमिनीवर पडत होता.

"खिशात ठेव," त्या म्हणाल्या. "गाडी घरी काय मी नेणार आहे?"

नवी रबरं बसली. भगवानभाईंनी आधी सगळे बोल्ट नुसते हाताने लावले, जॅक उतरवून इंजिनाला आपल्या जागी बसू दिलं, आणि मगच पान्याने कसले. शोभाबाईंनी वाकून तिन्ही लाल ठिपके बघून घेतले. मग त्या आपल्या गादीवर येऊन बसल्या. गजेंद्रने किल्ली फिरवली. शोभाबाई वाट बघत राहिल्या. गिअरचा दांडा मुकाट उभा होता. आरशात टायरवाल्याची पाटी वाचता येत होती.

"बंद पडली का?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे काकू."

त्यांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवून पाहिला. मग दुसराही ठेवला. अर्ध्या रस्त्यात त्यांनी हात खाली घेतले.

"तू बघितलंच नव्हतंस कधी?" त्यांनी विचारलं.

"नाही म्हटलं होतं ना."

"फोन आला की लांब जाऊन कुणाशी बोलतोस?"

"हजीऱ्याला. जुन्या साहेबांशी. परत घेतात का विचारत होतो." तो समोर बघूनच म्हणाला. "रोज शेजारी पोलीस बसवून गाडी चालवायची सवय नाही मला."

शोभाबाईंनी बुटांचं विचारलं नाही.

घरी लोटू खाटेवर बसले होते. शोभाबाईंनी पाय धुतले आणि ती रबराची थप्पी त्यांच्यासमोर, चहाच्या कपाशेजारी ठेवली. एरवी मराठी बोलणाऱ्या शोभाबाई रागाच्या पहिल्या झटक्यात अहिराणीवर यायच्या.

"माले सांगा, हाई काय शे?"

लोटूंनी वाकून पाहिलं. "रबर शे."

"कुठलं?"

"लूमवरचं. कारखान्यातल्या मिस्त्रीकडून मागून आणलं होतं. गाडी गॅरेजला टाकली असती तर दोन दिवस भाडं बुडलं असतं, आणि सेठने दुसरी गाडी लावली असती."

"आणि मला नवीन टाकलं म्हणून सांगितलं."

"नवीनच होतं," लोटू म्हणाले. "कोरं."

शोभाबाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. हा माणूस त्यांच्या संसारात असा एकटाच होता, की ज्याच्यावर ठिपका लावायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती. "मी त्या पोरावर आळ घेत होते. किल्ली काढून घेणार होते. तुम्हाला दिसत होतं. तोंड का नाही उघडलं?"

लोटूंचा हात कानाकडे गेला.

"हात खाली," शोभाबाई म्हणाल्या. "ऐकू आलंय तुम्हाला."

हात खाली आला. लोटूंनी थप्पी उचलली, गाठीवरून अंगठा फिरवला. या वेळी ते हळू बोलले, इतकं हळू की शोभाबाईंनाच पुढे वाकावं लागलं. "मला वाटलं, गजूनेच काहीतरी केलं असेल. ते रबर लूमवर जन्मभर मार खातं. ते जाईल असं वाटलंच नाही. मग गॅरेजचं नाव निघालं तेव्हा भीती वाटली. तुझी."

त्याच थरथरीने मणका गेला असेल, हे शोभाबाईंच्या मनात आलं. कोपऱ्यात सूप झाकलेलं होतं. लोटूंची मूठ सकाळीच त्यात पडली होती, आणि सुपात पडलेले गहू परत काढत नाहीत.

त्यांनी हातपाय पुन्हा धुतले. साडी बदलली. मग चार घरं ओलांडून वैशालीच्या दारात गेल्या. वैशाली उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. ती उठली, पण या म्हणाली नाही.

"गहू घ्यायचे राहिलेत," शोभाबाई म्हणाल्या.

"तुम्ही घ्या ना काकू. थोरल्या तुम्ही."

"सकाळी माझा हात चुकला."

"हात चुकला नव्हता," वैशाली म्हणाली. "मी समोरच बसले होते."

शेजारच्या ओट्यावर चंचल धुणं काढत होती, आणि तिचे हात एकदम थांबले होते. शोभाबाईंनी ते पाहिलं. आवाज खाली करायचा मोह झाला, पण त्यांनी केला नाही.

"नाही चुकला," त्या म्हणाल्या. "मूठ मुद्दाम टाकली नव्हती. गजूने काही केलेलं नव्हतं. ते रबर आमच्या घरातूनच गेलं होतं." मग त्या थांबल्या. "जात्याला माझ्या एकटीचा हात पुरत नाही. आणि मूठ तुझ्यासमोर नाही टाकली तर तुला काय माहीत, मी टाकली की नाही?"

वैशालीच्या तोंडावर हसू आलं नाही. पण तिने लसणाची ताटली आत ठेवली आणि हात धुवायला गेली.

घरी आल्यावर शोभाबाईंनी सुपावरचा कपडा काढला. डब्यात हात घातला, गजेंद्रचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आणि सव्वा मूठ मोजून टाकली. वैशाली बघत होती. ती बघते आहे हे शोभाबाईंना दिसत होतं, आणि पहिल्यांदाच त्यांना कळलं की आपण असं बघतो तेव्हा समोरच्याला कसं वाटत असेल. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. काय मागितलं ते त्यांच्यापाशीच राहिलं.

जातं धुऊन पुसून ठेवलं होतं. दोघी समोरासमोर बसल्या, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. पहिला घास टाकला आणि घरघर सुरू झाली. फरशी हलायला लागली, चहाच्या कपाशेजारी ठेवलेली थप्पी बारीक बारीक थरथरली. लोटू खाटेवर बसून त्या थप्पीकडे बघत होते. त्यांना ती घरघर ऐकू येत होती की नुसती पायाला लागत होती, कोण जाणे.

वैशालीची मान खाली होती. अजून तिचा राग पुरता गेला नव्हता. शोभाबाईंच्या मनात आलं, ही खरंच ओढते आहे, की नुसता हात ठेवून बसली आहे? स्वभावाला काय करणार. त्यांनी हळूच आपला हात सैल सोडून पाहिला.

जातं फिरतच राहिलं. शोभाबाईंनी पटकन खुंटा पुन्हा धरला.